खाडीपासून घाटापर्यंत एक आमदार

२००४ सालापर्यंत महाराष्ट्र विधानसभेच्या मतदारसंघांची क्रमवारी दक्षिण कोकणातून सुरू होई. पहिला सावंतवाडी, दुसरा वेंगुर्ला, तिसरा मालवण, चौथा देवगड. या चारांपैकी तीन नावे बंदरांची होती. २००९च्या निवडणुकीला नवी यादी आली. ती नंदुरबारच्या अक्कलकुव्यापासून सुरू झाली आणि सिंधुदुर्ग तिच्या शेपटाकडे गेला: २६८ कणकवली, २६९ कुडाळ, २७० सावंतवाडी. चाराचे तीन झाले. त्या तिघांत बंदराचे गाव एकही उरले नाही. तिन्ही नावे मुंबई-गोवा महामार्गाच्या पट्ट्यातली आहेत.

आजचे व्याख्यान या बदलाविषयी आहे. मालवणचा किनारा २००९पासून कुडाळ या नावाने मत देतो. या मतदारसंघात राणे आणि नाईक यांच्यात झालेल्या लढती सगळ्या महाराष्ट्राने पाहिल्या आणि त्यांच्यावर भरपूर लिहिलेही गेले. मात्र मतदारसंघ कसा आखला गेला, त्याच्या पोटात कोणता भूगोल आहे आणि तो पुढे टिकेल का, या प्रश्नांकडे फारसे कोणी वळत नाही. जिल्ह्याच्या दृष्टीने हेच प्रश्न जास्त मोलाचे आहेत.

आधी भूगोल पाहू. कुडाळ मतदारसंघ म्हणजे मुख्यतः मालवण आणि कुडाळ हे दोन तालुके. त्याचे नैर्ऋत्य टोक देवबागला आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीचे पात्र आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरे आणि आता पर्यटकांच्या खोल्या. पूर्व टोक सह्याद्रीच्या पायथ्याला, मनोहर-मनसंतोष गडांच्या सावलीतल्या शिवापूरकडे. तिथला माणूस पावसाळ्यात ओहोळाला पूर आला की अडकतो, तर देवबागचा माणूस उधाणाच्या भरतीला अडकतो. दोघांचा आमदार एकच. मधल्या भागात आचरा, मसुरे, पोईप, कट्टा, चौके, कसाल, नेरूर, पिंगुळी, माणगाव. या गावांची देवळे वेगळी, मानकरी वेगळे, बाजाराचे वार वेगळे.

सह्याद्रीतून निघालेली कर्ली नदी कुडाळ तालुक्यातून वाहत देवबागपाशी समुद्राला मिळते. तिच्या मुखाचा उत्तर काठ मालवण तालुक्यात, म्हणजे कुडाळ मतदारसंघात आहे. समोर दिसणारे भोगवे मात्र वेंगुर्ला तालुक्यात, म्हणून सावंतवाडी मतदारसंघात. वर आचऱ्याकडे गेले की खाडीपलीकडे देवगड तालुका लागतो आणि तो कणकवली मतदारसंघात मोडतो. अशा रीतीने जिल्ह्याची सुमारे १२१ किलोमीटरची किनारपट्टी तीन आमदारांत वाटली गेली आहे, आणि तिन्ही मतदारसंघांत बहुसंख्य मतदार किनाऱ्यापासून आत राहतात. एकेकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेल्या बोटी देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत जात. तेव्हा हा किनारा सलग होता आणि जिल्ह्याचा दर्शनी दरवाजा समुद्राकडे उघडत होता. बोट बंद झाली, महामार्ग रुंद झाला, २६ जानेवारी १९९८पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि दरवाजाची दिशा बदलली. कुडाळ, सिंधुदुर्ग आणि झाराप ही स्थानके कुडाळ तालुक्यात आहेत. मालवण तालुक्यात रेल्वेचे एकही स्थानक नाही. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे मुख्यालय ओरोसला झाले, तेही कुडाळ तालुक्यातच. औद्योगिक वसाहतही तिकडेच. २०११च्या जनगणनेत कुडाळ तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ५५ हजार आणि मालवणची सुमारे १ लाख ११ हजार होती. मतदारसंघाला कुडाळचे नाव मिळण्याचे कारण या आकड्यांत आहे.

या भागाचा राजकीय इतिहास तीन पर्वांत दिसतो. पहिले पर्व समाजवाद्यांचे. वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. देशभर काँग्रेसची लाट असताना प्रजा समाजवादी पक्षाच्या या माणसाला दक्षिण कोकणाने आपला मानले. १९६७ साली गोलकनाथ खटल्याचा निकाल आला. मूलभूत हक्कांत बदल करण्याचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून नाथ पैंनी मांडलेल्या विधेयकावर देशभर चर्चा झाली. वाडीवस्तीतला, हातावर पोट असलेला मतदार संसदेत घटनेवर बोलणारा माणूस पाठवत होता आणि त्याला त्याचा अभिमान होता, ही गोष्ट आजच्या पिढीला मुद्दाम सांगायला हवी. जानेवारी १९७१मध्ये नाथ पै गेले. त्यांच्या जागी आलेले प्रा. मधू दंडवते मूळचे अहमदनगरचे आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे. कोकणाने त्यांनाही पाच वेळा निवडून दिले. १९७७ साली ते रेल्वेमंत्री झाले आणि पुढे अर्थमंत्री. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना, १९९० साली, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. दुसऱ्याच वर्षी, १९९१च्या निवडणुकीत, दंडवते हरले आणि काँग्रेसचे सुधीर सावंत विजयी झाले. ज्या माणसाने कोकणाला रेल्वे मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला त्याला त्याच वेळी घरी बसावे लागले, याची हळहळ अजूनही जुन्या लोकांच्या बोलण्यात येते. तिला कारण आहे.

तोवर जमीन पायाखालून सरकली होती. १९९०च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेने राज्यात ५२ जागा जिंकल्या. त्यांतली एक मालवणची होती आणि आमदाराचे नाव होते नारायण राणे. कणकवली तालुक्यातल्या वरवड्याचा आणि मुंबईच्या चेंबूरमध्ये वाढलेला हा तरुण महानगरपालिकेत नगरसेवक होऊन मग गावाकडच्या राजकारणात आला. या मार्गाकडे नीट पाहायला हवे, कारण मालवण किनाऱ्याच्या राजकारणाचा तो राजमार्ग होता. शिवसेना १९६६ साली मुंबईत स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या शाखा ज्या परळ-लालबागच्या चाळींत रुजल्या, त्या चाळी चाकरमान्यांच्या होत्या. दर महिन्याला मनीऑर्डर गावी यायची, शिमग्याला आणि गणपतीला माणूस यायचा. त्याच्यासोबत मुंबईचे राजकारणही यायचे. गावच्या चतुर्थीला माटवीखाली बसून मुंबईतल्या शाखेच्या गोष्टी सांगितल्या जात. समाजवाद्यांचा मतदार गावातला शिक्षक, कुळ, छोटा शेतकरी होता. सेनेचा मतदार गावात राहत होता, पण त्याचा भाऊ डिलाईल रोडला राहत होता. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून भरून येणाऱ्या गाड्या हे सिंधुदुर्गातल्या निवडणुकीचे नेहमीचे दृश्य आहे.

राणे मालवणमधून १९९०, १९९५, १९९९ आणि २००४ असे सलग चार वेळा निवडून आले. १९९९ साली, फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत, ते मुख्यमंत्री होते. २००५ साली त्यांनी शिवसेना सोडली आणि काँग्रेसमध्ये गेले. नोव्हेंबर २००५च्या पोटनिवडणुकीत सगळी शिवसेना मालवणच्या रस्त्यांवर उतरली होती. राणेंनी ती साठ हजारांवर मताधिक्याने जिंकली. त्या दिवशी असे वाटले की इथले मत पक्षाचे नसून माणसाचे आहे. हा समज नऊ वर्षे टिकला.

२००९ साली मतदारसंघच बदलला. राणे नव्या कुडाळमधून उभे राहिले आणि शिवसेनेच्या वैभव नाईक यांच्यावर २४ हजारांहून अधिक मतांनी मात करून विधानसभेत गेले. शेजारच्या कणकवलीत त्याच वेळी भाजपचे प्रमोद जठार केवळ ३४ मतांनी निवडून आले. एका वाडीतली दोन-चार घरे मतदानाला गेली नसती तर आमदार बदलला असता! मग २०१४ आले. युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या होत्या, चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढत होते. राणे काँग्रेसच्या राज्यभरच्या प्रचाराची धुरा वाहत होते. कुडाळमध्ये नाईकांना ७०,५८२ मते पडली आणि राणेंना ६०,२०६. माजी मुख्यमंत्री १०,३७६ मतांनी हरले. एप्रिल २०१५मध्ये त्यांनी वांद्रे पूर्वची पोटनिवडणूक लढवली, तिथेही ते पडले. ज्या मुंबईतून निघून त्यांनी मालवण जिंकले होते, त्याच मुंबईत ते मालवण गमावल्यावर परत गेले आणि तिने त्यांना घेतले नाही.

त्यानंतरचे आकडे एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. नाईकांची मते २००९मध्ये ४७,६६६, २०१४मध्ये ७०,५८२, २०१९मध्ये ६९,१६८ आणि २०२४मध्ये ७३,४८३. म्हणजे २०२४ साली ते हरले तेव्हा त्यांना जिंकलेल्या दोन्ही वेळांपेक्षा जास्त मते होती. त्यांचा मतदार पळाला नव्हता. समोरचा गठ्ठा वाढला होता. २०१९मध्ये अपक्ष रणजित देसाई यांना ५४,८१९ मते होती, तर २०२४मध्ये एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे नीलेश राणे यांना ८१,६५९ मिळाली आणि ते ८,१७६ मतांनी निवडून आले. त्यांची निशाणी धनुष्यबाण होती. वडिलांनी १९९० साली मालवण जिंकले तेही धनुष्यबाणावरच. मधल्या ३४ वर्षांत त्या घराण्याने पंजा आणि कमळ या दोन्ही निशाण्यांवर निवडणुका लढवल्या. शिवसेना फुटली होती आणि नाईकांच्या हाती दुसऱ्या गटाची मशाल होती.

२०२४च्या निकालाबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाला मालवणच्या राजकोटावर पंतप्रधानांच्या हस्ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला. समोर पाण्यात साडेतीनशे वर्षे लाटा झेलत उभा असलेला सिंधुदुर्ग किल्ला आणि इकडे नऊ महिन्यांत पडलेला पुतळा. महाराष्ट्रात संताप उसळला. राजकोट ज्या मतदारसंघात आहे तिथेच या संतापाचा फटका सत्ताधाऱ्यांना बसेल, असे राज्यभर मानले गेले. तीन महिन्यांनी निकाल उलटा लागला. मालवणच्या लोकांना पुतळ्याचे काही वाटले नाही, असा अर्थ काढणे मोठा अन्याय ठरेल. खरी गोष्ट एवढीच की राज्य ज्या प्रश्नावर या मतदारसंघाकडे पाहते आणि मतदारसंघ ज्या प्रश्नांवर मत देतो, ते प्रश्न नेहमी एक नसतात. लोकसभेला, त्याच वर्षी, जिल्ह्यातल्या तिन्ही विधानसभा क्षेत्रांत नारायण राणे आघाडीवर होते. विधानसभेचा कल तिथेच दिसला होता.

मग किनारा कशावर मत देतो? सगळ्यांत आधी मासळीवर. दांडी, सर्जेकोट, तळाशील, आचरा, देवबाग इथल्या, किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणकारांचा आणि छोट्या होड्यांवर पोट भरणाऱ्यांचा पर्ससीन आणि ट्रॉलरवाल्यांशी चाललेला झगडा दोन दशकांहून जुना आहे. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर कडक निर्बंध आणले. २०२१ साली मासेमारी नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. तरीही रात्री समुद्रात एलईडीचे दिवे दिसतात आणि पहाटे रापणीत मासळी कमी येते, ही तक्रार संपलेली नाही. दुसरा प्रश्न मालवण सागरी अभयारण्याचा. १९८७ साली २९ चौरस किलोमीटरचा पट्टा अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्या पाण्यावर जगणाऱ्यांना विश्वासात न घेता आखलेली रेषा म्हणून मच्छीमारांनी तिला विरोध केला. तिसरा प्रश्न जमीन खाणाऱ्या समुद्राचा. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले. त्याने होड्या फोडल्या आणि माड आडवे केले. देवबागला प्रत्येक पावसाळ्यात बंधाऱ्याची चर्चा होते.

हे सगळे प्रश्न एका तालुक्यातल्या एका चिंचोळ्या पट्टीचे आहेत. मतदारसंघात मतदार दोन लाखांहून थोडे अधिक आणि मच्छीमार वस्त्या त्यातला लहान भाग. देवगडची मच्छीमार वस्ती दुसऱ्या मतदारसंघात, वेंगुर्ल्याची तिसऱ्या. त्यामुळे तिन्ही ठिकाणी उमेदवाराला किनाऱ्याला आश्वासन देणे परवडते आणि किनाऱ्याने नाराज होणेही परवडते. लढत अटीतटीची झाली तरच दांडी-सर्जेकोटच्या मताला भाव येतो. २०१४ साली तो आला होता, असे तिथली माणसे अजून सांगतात.

बायकांचे मत हा वेगळा अध्याय आहे. २००१मध्ये या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०७९ स्त्रिया होत्या, २०११मध्ये १,०३६. पुरुष मुंबईला गेला, शेत, गुरे आणि सासू-सासरे तिने सांभाळले, मासळीची पाटी तिने डोक्यावर घेतली. मतदार यादीत ती जास्त आहे. पण कुडाळ मतदारसंघ जन्माला आल्यापासून एकाही निवडणुकीत पहिल्या दोन जागांवर स्त्री उमेदवार आलेली नाही. सगळ्या पक्षांना यावर उत्तर द्यावे लागेल.

आता या इतिहासाच्या मुळाशी असलेला हिशेब. २००८ची पुनर्रचना २००१च्या जनगणनेवर झाली. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांहून अधिक. तिला २८८ने भागले की एका जागेमागे सुमारे ३ लाख ३६ हजार येतात. सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५. भागाकार २.५८. म्हणून तीन जागा मिळाल्या, चौथी गेली. रत्नागिरीच्या सातांच्या पाच झाल्या. या जागा कुठे गेल्या? तेव्हाच्या, म्हणजे पालघरसह असलेल्या, ठाणे जिल्ह्यात १३ जागा होत्या, त्या २४ झाल्या. मुंबई शहराच्या १७च्या १० झाल्या आणि उपनगरांच्या १७च्या २६. १९८२च्या संपानंतर गिरणगाव मोडले आणि चाकरमानी परळ-लालबाग सोडून डोंबिवली, दिवा, बदलापूर, नालासोपाऱ्याला गेला. त्याच्या मागोमाग विधानसभेच्या जागाही गेल्या. आधी गाव रिकामे झाले आणि मग गावाचा मतदारसंघ.

पुढचा हिशेब अधिक कठीण आहे. २०११मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या वाढली नाही, घटली: ८,४९,६५१. राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर गेली. २८८ जागाच धरल्या तर एका जागेमागे सुमारे ३ लाख ९० हजार, आणि सिंधुदुर्गाचा भागाकार २.१८. सध्याच्या घटनात्मक तरतुदीनुसार पुढची पुनर्रचना २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आकड्यांवर व्हायची आहे. त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. जागांची एकूण संख्या वाढली तर चित्र बदलेल. ती तशीच राहिली तर जिल्ह्याला दोनच आमदार उरण्याची शक्यता डोळ्यांआड करून चालणार नाही. तसे झाले तर मालवण तालुका उत्तरेकडे कणकवलीला जोडला जाईल किंवा दक्षिणेकडे सावंतवाडीला, आणि किनाऱ्याचे मत आणखी पातळ होईल.

लोकसंख्या हा प्रतिनिधित्वाचा पाया असलाच पाहिजे. डोंबिवलीतल्या माणसाचे मत देवबागच्या माणसाच्या मतापेक्षा हलके ठरावे, असे कोणी म्हणू नये. पण भूगोलाला अजिबात जागा नसते, हेही खरे नाही. ब्रिटनमध्ये २०२३च्या पुनर्रचनेत एका मतदारसंघाला सरासरी ७३ हजारांवर मतदार धरले गेले, तरी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांना जेमतेम २१ हजार मतदारांवर स्वतःचा खासदार आहे, कारण कायद्यानेच त्या बेटांना या हिशेबातून वगळले. आपल्याकडे साठ हजारांहून कमी मतदारांच्या लक्षद्वीपला लोकसभेत स्वतंत्र खासदार आहे. उलट बाजूला उत्तराखंड आहे. तिथे २००८च्या पुनर्रचनेत डोंगरी जिल्ह्यांच्या जागा कमी होऊन मैदानी जिल्ह्यांना गेल्या. स्थलांतराने ओस पडणाऱ्या गावांचे दुःख त्यांचे आणि आपले सारखे आहे.

२००२च्या पुनर्रचना कायद्याच्या नवव्या कलमात मतदारसंघ आखताना चार गोष्टी लक्षात घेण्यास सांगितले आहे: नैसर्गिक रचना, प्रशासकीय सीमा, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय. आयोग मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. राज्यातले काही निवडक खासदार-आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. त्यामुळे आमदार-खासदार बघून घेतील, या भरवशावर राहता येत नाही. लेखी हरकत कोणताही नागरिक देऊ शकतो, ग्रामपंचायत देऊ शकते, मच्छीमारांची सोसायटी देऊ शकते.

अशी हरकत तयार करायला वेळ लागतो. देवबागहून ओरोसला जायला पावसाळ्यात किती तास लागतात, शिवापूर खोऱ्यात कोणते साकव जुलैत पाण्याखाली जातात, आचरा ते देवबाग या पट्ट्यात नोंदलेल्या होड्या किती, वर्षातले किती महिने किती कुटुंबे मुंबईत असतात आणि जनगणनेच्या दिवसांत ती कुठे मोजली जातात, ही माहिती ग्रामपंचायतींच्या आणि सोसायट्यांच्या दप्तरात तुकड्यातुकड्यांनी पडून आहे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला सगळ्या पक्षांचे पुढारी येतात. त्या जत्रेची तारीख गाव कौल लावून स्वतः ठरवते, पुढाऱ्यांच्या सोयीने ठरवत नाही. मतदारसंघाच्या सीमेबद्दलचे म्हणणेही गावांनीच आधी ठरवावे: मालवण आणि देवगडच्या किनारपट्टीने एका मतदारसंघाची मागणी करायची की जिल्ह्याच्या तीन जागा टिकवण्यावर सगळा जोर लावायचा, आणि ग्रामसभांचे ठराव मसुदा निघण्याआधी करायचे की निघाल्यावर धावपळीत.